शिसं भरलेलं लाकूड

"करंगळी बाहेरच राहतेय, बाबा. एवढीशी मूठ काय कामाची?"

जुईली पुटपुटली ती अगदी माझ्या कानाशी. मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते, ती आत पडद्याला पाठ टेकून उभी होती, आणि आमच्या दोघींच्या मध्ये फक्त पडद्याचं कापड होतं. सूर तोच, शाळेच्या नव्या बुटांबद्दल कुरकुरायची तो. टाच घासते, अंगठा टोचतो. म्हणून मीही सवयीने म्हटलं, "सैल होईल वापरून वापरून," आणि पडदा सारला. तिच्या हातात पिस्तूल होतं. लाकडाचं, पण ते कळायला अर्धा क्षण गेला. खाली जुन्या वर्तमानपत्रावर मांडी घालून शशिकांत बसले होते, गुडघ्यावर कानस, मिशीत भुसा. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी भलतं हातात घेऊन आले होते. माझ्या हातात त्यांचे बनियन होते.

पिस्तुलाबद्दल मला ठाऊक नव्हतं असं नाही. जुईली ह्यूस्टनहून आली त्याच आठवड्यात जेवताना विषय निघाला होता. तिच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कुणा बाईला लुटलं, हिला लॅबमधून यायला उशीर होतो, आणि तिकडे म्हणे एक वर्ग करून परवाना काढला की कपड्यांखाली पिस्तूल बाळगता येतं. बाळगणारी बाई भाजी घेते, बँकेत जाते, कुणाला पत्ता लागत नाही. "त्यासाठी अगदी छोटी येतात. पण छोट्यातही शंभर प्रकार. बाबा, तुम्ही बघाल का जरा?" तिने हे बाबांना विचारलं हे बरोबरच होतं. आमच्या घरात वस्तू विकत येत नाही, तिची निवड होते. शशिकांतचा सगळा जन्म इथे आखातात, शुऐबाच्या कारखान्यांत पंप निवडण्यात गेला. कुठल्या नळीतून काय वाहणार, किती तापलेलं, किती दाबाने, हे विचारल्याशिवाय हा माणूस पंपाकडे ढुंकून बघत नाही. आमचा फ्रिज सहा महिने निवडला जात होता, तोवर इथल्या, महबूलाच्या, उन्हाळ्यात दूध नासत होतं. जुईलीसाठी स्थळंही तशीच पाहिली: शिक्षण, उंची, घरची माणसं, बोलणं. अभिनव सगळ्यांत उजवा ठरला. ठरलाच असता. अजूनही कागदावर तो उजवाच आहे.

खरं पिस्तूल इथे आमच्यासारख्या परदेशी माणसाच्या घरात सापडलं तर आधी तुरुंग आणि मग विमान. त्यातून त्या वर्षी शहरात गोळीबार झाल्यापासून रस्त्यारस्त्यांवर पोलीस गाड्या अडवत होते. म्हणून लाकूड. कारखान्यातही मोठं यंत्र मागवायच्या आधी हे लोक त्याचा लाकडी सांगाडा उभा करून बघतात, हात पोचतो का, डोकं आपटतं का. शशिकांतनी इंटरनेटवरून मापं काढली आणि फळांच्या खोक्यांच्या फळ्या कापून दोन-तीन नमुने केले. वजन जमेना, तेव्हा आत भोकं पाडून गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या भरल्या आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. त्याच काट्यावर मी डिंकाच्या लाडवांचं सामान तोलते. मी काटा धुऊन घेतला. मग पुन्हा धुतला. शिसं विषारी असतं असं मी मनाला सांगितलं.

"शर्मिला, हात दे बघू," ते म्हणाले. जुईलीच्या आणि माझ्या बांगडीचं माप एकच, दोन-चार. तिच्या लग्नात कासाराने आम्हा दोघींना एकाच जुडीतून चुडा भरला होता. म्हणजे जे माझ्या मुठीत बसेल ते तिच्या मुठीत बसेल, हे यांचं गणित. जुईली दुपारी झोपली की प्रयोग माझ्यावर. माझा हात त्यांनी आपल्या हातात धरला, एकेक बोट सुटं करून त्या लाकडावर बसवलं, अंगठा दाबून बघितला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढा वेळ त्यांनी माझा हात कधी धरल्याचं मला आठवेना, आणि मेलं मला लाजल्यासारखं झालं. पन्नाशीची बाई, हातात शिसं भरलेलं लाकूड, आणि कानशिलं गरम. "करंगळीला जागा हवी तर मूठ लांब होते," ते सांगत होते. "मूठ लांब झाली की सदऱ्याखाली दिसते. लहान घेतलं तर लपतं, पण झाडताना हातात उसळतं. काहीतरी सोडावंच लागतं." मी म्हटलं, "अहो, पण लपवायचं कशाला? दिसलं तर चोर पळेल की." कानशीवरचा भुसा त्यांनी फुंकरीने उडवला. मुद्दा बिनतोड निघाला की हे फुंकर मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी ते कमरेला लावून वावरले. तशी आज्ञाच होती: टोचतं का, वाकताना निसटतं का. परकराच्या नाडीत खोचलं, वरून निऱ्या. आधी गार लागलं, मग अंगाइतकंच गरम झालं, आणि ते गरम झाल्यावर मला जास्त भीती वाटली. कणीक मळायला वाकले की त्याचं टोक बरगडीखाली सांगायचं, मी आहे. पोळी तव्यावर टाकायची आणि डावं कोपर कमरेशी दाबून धरायचं. तसं धरलेलं माझं कोपर मी गॅसशेजारच्या स्टीलच्या डब्यात पाहिलं आणि मला रुकय्या दिसली.

रुकय्या म्हणजे रुमैथियातली आमची तेव्हाची घरमालकीण. नव्वद साली इराकी सैन्य आलं तेव्हा तिचा नवरा उन्हाळ्यासाठी परदेशात, खालच्या मजल्यावर ती आणि तिची म्हातारी सासू, वर आम्ही तिघं. समोरच्या शाळेत सैनिक राहायला आले. रुकय्या रोज सकाळी पीठ, डाळ, मेणबत्ती, काहीतरी मागायला वर यायची; खरं तर बसायला यायची. एकदा माझ्या ओट्याशी उभं राहून तिने अंगावरचा काळा अबाया वर केला आणि कमरेला फडक्याने बांधलेलं छोटं पिस्तूल दाखवलं. भावाने दिलेलं. "सुबह में हल्का, शर्मिला," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "शाम में बहुत भारी." जुईली तेव्हा चौथीत-पाचवीत असेल, ती टेबलाशी चित्रं काढत होती आणि तिने मान वर केली नाही. मुलं ज्या वेळी मान वर करत नाहीत त्या वेळी ती सगळं पाहतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे आम्ही बसनं, ट्रकनं, जे मिळेल त्यानं अम्मानला पोचलो आणि तिथून विमानाने मुंबई. युद्ध संपल्यावर परत आलो तेव्हा रुकय्याला भेटायला गेले. पिस्तूल तिने कधीच सरकारजमा केलं होतं. चहा ओतताना तिचं डावं कोपर कमरेला चिकटलेलंच होतं. मी विचारलं, अजून दुखतं का तिथं? ती म्हणाली, कुठे?

आणि जुईली आली त्या दिवशी विमानतळावर, काचेच्या दारातून सामानाची गाडी ढकलत येताना, तिचं कोपर तसंच होतं. तेव्हा लाकूड नव्हतं, शिसं नव्हतं, काही नव्हतं. मी मनात म्हटलं होतं, पर्स सांभाळतेय पोरगी.

हे असं सगळं मला पोळ्या करताना सुचत जातं आणि मग पोळी करपते. एक विचार पुरा करायला बसावं तर तो हातातून निसटतो. बसत नाहीच मी. उठते, कपडे घड्या करते, घड्या केलेले पुन्हा मोडून करते, बाल्कनीत जाते, समुद्राकडे बघते, समुद्र इथे कधीच धड निळा नसतो, आत येते. शशिकांत म्हणतात, तू बस ना जरा. स्वतः मात्र कानस खाली ठेवत नाहीत.

संध्याकाळी फोन यायचा. आमची संध्याकाळ म्हणजे अभिनवची सकाळ, ऑफिसला निघायच्या आधी तो न चुकता करायचा. "आई, तुमची मुलगी जेवते ना नीट? इकडे पाखरासारखी खाते. आणि सांडगी मिरची विसरू नका हां पाठवायला." इतका गोड आवाज की फोन ठेवल्यावरही कानात राहतो. मग जुईली फोन घ्यायची आणि हो, हो, नाही, आईबरोबरच होते, हो, दुकानात, बांगड्या, हो, म्हणायची. कुठे गेलीस, कुणाबरोबर, किती वाजता आलीस, हे सगळं तिकडून विचारलं जात असणार हे मला उत्तरांवरून कळायचं. नवी नवी माणसं विचारतात. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती. फोनवर असताना ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि डोळे आमच्या दाराच्या कडीवर. ह्यूस्टनमधला माणूस महबूलाच्या दारातून आत कसा येणार? पण ती कडीकडे बघायची, आणि मग मीही बघायला लागले.

बांगड्यांचं खरंच होतं. फहाहीलच्या जुन्या बाजारातून मी तिच्यासाठी हिरव्या काचेच्या आणल्या. तिला समोर बसवून, हाताला साबण लावून, मीच चढवायला घेतल्या. उजवा हात सरळ गेला. डाव्याचा अंगठा आत मुडपेचना. दोन-चारचं माप, जन्मभराचं, आणि बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडली. मी जरा दाबलं तर तिने तोंडातून आवाज काढला, लहान, आत ओढलेला. "इट्स नथिंग, आई. गाडीच्या दारात सापडला होता." मी म्हटलं, "बोललीस नाहीस कधी." ती म्हणाली, "सांगण्यासारखं काय त्यात." बांगड्या मी पुन्हा कागदात गुंडाळल्या. साबणाचा हात तिने स्वतःच धुतला, नळ मोठा सोडून.

शशिकांतना मी हे सांगितलं नाही. त्यांना ते दोन दिवसांनी त्यांच्या वाटेने कळलं. या छोट्या पिस्तुलांचा वरचा भाग गोळी भरताना मागे ओढावा लागतो आणि त्याची स्प्रिंग ताठ असते. पिस्तूल जितकं लहान तितकी ताठ. त्यांनी जुन्या दाराची स्प्रिंग लाकडात बसवली आणि जुईलीला म्हणाले, "ओढ." तिने डाव्या हाताची पकड घेतली आणि ओढलं. अंगठ्याची पकड सुटली, लाकूड निसटलं, फरशीवर पडून शिशाची एक गोळी टणटणत सोफ्याखाली गेली. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा तेच. मग त्यांनी तिचा डावा हात माझा धरला होता तसा धरला. अंगठ्याच्या बुडाशी त्यांचं बोट थांबलं. पंपाला कान लावून कुठला बेअरिंग गेलाय हे सांगणारा माणूस आहे हा. मी दारात उभी होते, हातात पाण्याचा पेला. ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारावं असं वाटलं, आणि विचारू नये असंही, एकाच श्वासात. "मग रिव्हॉल्व्हरच बरं," ते म्हणाले. "ओढायला नको. पाचच गोळ्या, पण चाप दाबला की झालं." आणि सोफ्याखाली हात घालून गोळी शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. गोळी त्यांच्या पायाशीच होती.

तेव्हापासून आम्ही तिघंही फार बोलायला लागलो. इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो. जेवताना, चहाला, गाडीत, विषय एकच. "पर्समध्ये ठेव ना," मी म्हणायचे. "पर्स घेऊन कोण फिरतं घरात?" जुईली म्हणायची. "पायाला बांधायचा पट्टा मिळतो," शशिकांत. "घरात आपण अनवाणी असतो, बाबा." "पलंगाशेजारी छोटी तिजोरी," ते. "कुलपाचा आवाज होतो." प्रत्येक उत्तरानंतर कुणीतरी भाजी वाढायचं. गाऊनला पट्टा नसतो, मग कमरेला कसं लावणार, यावर तर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. मी माझा जुना गाऊन आणला, आतून खिसा शिवून दाखवला, टीप दुहेरी घातली, आणि खिसा नीट झाला म्हणून मला बरं वाटलं. मला बरं वाटलं! पार्किंगमधला चोर बाईने गाऊन घातल्यावर कुठून येतो, हे मी सुई हातात असताना स्वतःला विचारलं नाही. विचार आला होता. मी दोरा दातांनी तोडला आणि तो गेला.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी शशिकांत गोळ्यांबद्दल सांगत होते. अशी घ्यायची की जी अंगात शिरली की फुलते आणि तिथेच थांबते, आरपार जाऊन भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला लागत नाही. हे त्यांनी पंपाच्या गॅस्केटबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी जुईलीची बॅग भरत होते. सांडगी मिरची, मेतकूट, आणि सगळ्यांत वर अभिनवसाठी घेतलेला शर्ट, पांढऱ्यावर बारीक निळी रेघ, चाळीसचं माप. तो शर्ट मी घडी घालता घालता थांबले. अंगात शिरली की फुलते. माझा हात त्या कापडावर, खिशाच्या जरा खाली होता, आणि मला त्या हाताखाली माणूस जाणवला, त्याची छाती, लग्नात मी औक्षण करताना घामेजलेली, मला आई म्हणणारी. मग त्याच छातीचा मला असा राग आला की मी शर्ट चुरगाळला. मग इस्त्री लावली. इस्त्री तापेपर्यंत उभी राहिले. यांपैकी कुणाला वाचवायचं असतं आईने? मुलीला, हे काय विचारायचं झालं. पण कशापासून? मार खाण्यापासून की गोळी झाडण्यापासून? तिला तिकडे पाठवून आम्ही यांतलं एक काहीतरी निवडणार होतो, आणि वजन, माप, मूठ, सगळं बघून झालं होतं.

दुपारी धुळीचं वादळ आलं. शुक्रवार होता, खाली दुकानं बंद, खिडक्यांबाहेर सगळं पिवळं, समुद्र नाही, रस्ता नाही. जेवणं झाली. भर दुपारीच फोन वाजला; तिकडे अजून उजाडलंही नसेल. शशिकांतनी घेतला. "हो," ते म्हणाले. "हो, सकाळचंच विमान. हो, एकटीच." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. जुईली सोफ्याच्या टोकावर बसली होती, भिंतीकडच्या. "सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. "अभिनव विमानतळावर येणार आहे. म्हणाला, तिला म्हणावं या वेळी उगाच टॅक्सी शोधत बसू नकोस."

"बरं," जुईली म्हणाली.

शशिकांत पुन्हा वर्तमानपत्रावर बसले आणि शेवटचा नमुना हातात घेतला. पाच गोळ्यांचा, गुबगुबीत, कडा गोल केलेल्या. कुठेही अडकू नये म्हणून घोड्याचं टोक त्यांनी घासून सपाट केलं होतं. वाईट म्हणजे तो सुंदर झाला होता. "एवढंच राहिलंय," ते कानस फिरवत म्हणाले. "खिसा कुठल्या बाजूला लावायचा ते. तू झोपतेस कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. तो उजवीकडे असतो."

कानस थांबली नाही. एकदा गेली, एकदा आली. बाहेर कुणाची तरी टीव्हीची तबकडी वाऱ्याने खडखडत होती. जुईली आपल्या हातांकडे बघत होती, डावा हात उजव्यात. मी पुढे झाले आणि यांच्या हातातून ते लाकूड काढून घेतलं. जड होतं. माझा आवाज आला तो भांडायला निघालेल्या बाईसारखा, जो मला मुळीच काढायचा नव्हता.

"अहो, पुरे. खिसा मी लावीन कुठेही. पण मला आधी सांगा, चोर येतो कुठून? पार्किंगमधला हा चोर, ही झोपलेली असताना, गाऊनमध्ये, येतो कुठून?"

जुईलीने मान वर केली. पण बोलले ते शशिकांत. माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघत, अगदी हळू, आणि मला कळलं की पहिली फळी कापली तेव्हापासून त्यांना हे ठाऊक होतं.

"चोर कुठला गं, शर्मिला," ते म्हणाले. "अभिनव आहे."